दसरा झाला, सायकल बाहेर काढा: खडकवासल्यापर्यंतची पहिली फेरी

खंडेनवमीला आमच्याकडे सायकल धुतली जाते. जुन्या बनियनने पुसायची, हळदकुंकू लावायचं, हँडलला झेंडूचा हार घालायचा आणि दसरा उलटला की पहाटे बाहेर काढायची, हा नेम. एका वर्षी मी हार न काढताच निघालो. दिसायला बरा वाटत होता. दांडेकर पुलाच्या अलीकडे एका खड्ड्यात सायकल आपटली, हार खाली सरकला आणि पुढच्या चाकात गेला. फुलांचा चुरा झाला, पण दोरा आसाभोवती असा घट्ट बसला की चाक फिरेना. घराच्या किल्लीच्या टोकाने एकेक पदर सोडवत पाऊण तास फुटपाथवर बसलो होतो आणि पेपर टाकणारी पोरं माझ्याकडे बघत पुढे जात होती. त्या दिवशी तिथूनच घरी आलो.

तेव्हा पहिली सूचना: हार काढून निघा. बाकीच्या सूचना ज्यांची सायकल जूनपासून जिन्याखाली उभी आहे त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी यंदा पहिल्यांदाच घेतली आहे त्यांच्यासाठी. मी पुण्यातला, म्हणून रस्ता पुण्याचा सांगतो. नाशिकला असाल तर गंगापूर धरणाचा रस्ता धरा. हिशोब तोच.

कुठे जायचं आणि कुठून मागे फिरायचं

पहिल्या फेरीला मी सगळ्यांना खडकवासलाच सांगतो. स्वारगेटपासून धरण सोळा-सतरा किलोमीटर. वाटेत घाट नाही. आपण मुठेच्या वरच्या अंगाला जातो, त्यामुळे जाताना नकळत चढ लागतो आणि दमून परतताना नकळत उतार. नवख्या माणसाला हाच क्रम बरा. कात्रजचा जुना घाट, बोपदेव, सिंहगड ही नावं ऐकून हुरूप येतो, पण ती डिसेंबरसाठी ठेवा.

आता महत्त्वाचं. पहिल्या दिवशी अंतर ठरवू नका, मागे फिरायची वेळ ठरवा. माझी वेळ सव्वासातची. सव्वासात वाजता धरणावर असलो तर ठीक, नांदेड फाट्यावर असलो तरी ठीक, जिथे असेन तिथून सायकल वळवायची. कारण अर्धी फेरी अजून बाकी असते आणि ती वाढत्या उन्हात, वाढत्या गर्दीत आणि कमी झालेल्या ताकदीत करायची असते. "आलोच आहे तर धरण शिवून जाऊ" म्हणणारे साडेआठला सिंहगड रस्त्यावर बसच्या धुरात उभे असतात आणि पुढच्या रविवारी सायकल काढत नाहीत.

तीन-चार दिवस आधी: सायकलची तपासणी

हे आदल्या रात्रीवर ढकलू नका. काही बिघडलेलं निघालं तर दुकानात न्यायला वेळ हवा, आणि दसरा-दिवाळीच्या मधे सायकलच्या दुकानात गर्दी असते.

सुरुवात टायरपासून. चार महिने हवा नसलेल्या चाकावर सायकल उभी राहिली असेल तर टायरच्या कडांना बारीक चिरा पडलेल्या असतात. टायर दाबून, वाकवून बघा. आतला धागा दिसत असेल तर टायर बदला, त्यात काटकसर नको. चिरा नसतील तर हवा भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा दाबून बघा. किती हवा भरायची ते टायरच्या कडेवरच उठावाच्या अक्षरांत लिहिलेलं असतं. दोन आकडे असतील तर नवख्याने मधला धरावा. जाड गोट्यांच्या टायरला चाळीस पीएसआयच्या आसपास पुरतं, अरुंद टायरला त्याच्या दुप्पट लागू शकतं. जुन्या पद्धतीच्या काळ्या सायकलीला व्हॉल्वच्या आत रबराची बारीक नळी असते. पावसाळ्यात ती कुजते आणि पंक्चर नसताना हवा उतरत राहते. नळी अगदी किरकोळ पैशांत मिळते, दोन घेऊन ठेवा.

मग ब्रेक. दोन्ही दांड्या दाबा. दांडी हँडलला टेकत असेल तर तार सैल आहे. ब्रेकच्या रबरांना खाचा असतात, त्या झिजून सपाट झाल्या असतील तर रबरं संपली. रबरं चाकाच्या कडेला धरणारी असतील तर ती कडही ओल्या फडक्याने पुसा, तिच्यावर पावसाळ्यातली काळी माती चिकटलेली असते. डिस्क ब्रेक असेल तर चकतीला तेलाचा हात लावू नका.

चेनवर गंज दिसला तर घाबरू नका, वरवरचा गंज निघतो. कोरड्या फडक्यात चेन धरून पायडल उलटं फिरवा. फडकं काळं होईल, जागा बदलून पुन्हा फिरवा, आणि फडकं जवळजवळ स्वच्छ निघेपर्यंत हे करा. मग चेनच्या प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब सोडा. पाच मिनिटं थांबा आणि वरचं तेल पुसून टाका. ही शेवटची पायरी सगळे विसरतात. तेल कड्यांच्या आत हवं, बाहेर राहिलं तर त्यावर धूळ बसून सांडपेपर तयार होतो. सायकलचं तेल नसेल तर शिलाई मशीनचं एका फेरीपुरतं चालेल. खोबरेल नको, गाडीचं जळकं ऑइल तर मुळीच नको.

शेवटी दोन्ही चाकं एकेक करून उचला, फिरवा, आणि हाताने डावी-उजवीकडे हलवून बघा. डग लागत असेल तर मेकॅनिककडे. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल वळवायचा प्रयत्न करा. चाक न वळता हँडल वळलं तर वरचा बोल्ट सैल आहे, आणि ही गोष्ट रस्त्यात कळू नये.

सीटची उंची

यावर थोडं जास्त लिहितो, कारण दहातले आठ जण इथे चुकतात असं मी रोज बघतो. (आकडा माझ्या डोळ्यांचा, मोजदाद केलेली नाही.) लहानपणी कैची मारून शिकलेल्या माणसाला सीटवर बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकलेले हवे असतात. तेवढी खाली सीट ठेवली की पायडल वर येताना गुडघा पोटाशी येतो, आणि दहा किलोमीटरनंतर गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागतं. मग लोक म्हणतात, सायकल मला सोसत नाही.

भिंतीला धरून सीटवर बसा. टाच पायडलवर ठेवा आणि पायडल सगळ्यात खाली आणा. गुडघा सरळ झाला पाहिजे, पण त्यासाठी कंबर एका बाजूला कलंडता कामा नये. ही तुमची उंची. चालवताना टाच नाही, पायाचा पुढचा चवडा पायडलवर असतो, त्यामुळे गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. आता पाय जमिनीला नीट पोचणार नाहीत. पोचायला नकोतच. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं, एक पाय जमिनीवर, एक पायडलवर. सोसायटीच्या आवारात वीसदा चढ-उतार करा, भीती जाते. लगेच एवढी उंची झेपत नसेल तर आठवड्याला बोटभर वाढवत न्या.

आदल्या रात्री

जेवण हलकं आणि लवकर. सगळं सामान दाराशी मांडून ठेवा. पहाटे पाच वाजता माणसाला स्वतःचे मोजेही सापडत नाहीत.

पाण्याची बाटली, हेल्मेट, पुढे पांढरा दिवा, मागे लाल. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, आडवं बसलं पाहिजे. कपाळ उघडं टाकून मागे सरकवलेलं हेल्मेट टोपीइतकंच उपयोगी. सीटखालच्या पिशवीत एक जादा ट्यूब, टायर काढायचे दोन प्लास्टिकचे चमचे, छोटा पंप, ॲलन की (सहाकोनी टोकाची किल्ली). थोडी रोख रक्कम ठेवा, पहाटेच्या टपरीवर नेटवर्क असेलच असं नाही. शिवाय टायर कापला गेला तर घडी घातलेली दहाची नोट आतून लावून घरापर्यंत येता येतं, ही माझी स्वतः केलेली गोष्ट आहे. एका कागदावर नाव, घरचा नंबर आणि रक्तगट लिहून खिशात टाका. फोन कुलूपबंद असला तर कागदच बोलतो.

जीन्स घालू नका. तिची मधली जाड शिवण कुठे टोचते ते धायरी फाट्यापर्यंत कळेल. ट्रॅकपँट असेल तर उजव्या पायाच्या घोट्याशी रबरबँड लावा, नाहीतर ती चेनमध्ये जाते. ओढणी घरीच. पॅडची शॉर्ट घेतली असेल तर तिच्या आत दुसरं काही घालायचं नसतं, हे दुकानदार संकोचाने सांगत नाही.

घरात कुणाला तरी रस्ता आणि परतायची वेळ सांगून झोपा.

पहाटे

ऑक्टोबरच्या मध्यावर पुण्यात सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. त्याआधी वीस-पंचवीस मिनिटं रस्ता दिसेल इतकं फटफटतं. सरावलेले लोक पाचला निघतात. तुम्ही सहाला निघा. पहिल्या दिवशी खड्डा दिसणं हे लवकर पोचण्यापेक्षा मोलाचं. ताशी पंधराच्या बेताने गेलात तरी सव्वासातपर्यंत धरणाच्या जवळपास असाल.

शक्य असेल तर कामाचा दिवस निवडा. शनिवार-रविवारी सिंहगडाला जाणाऱ्या गाड्या पहाटेपासूनच सुटलेल्या असतात, आणि त्यातले बरेच जण रात्रभर जागे असल्यासारखे चालवतात. रविवारच मोकळा असेल तर नाइलाज, मग डावी बाजू जास्त काटेकोर सांभाळा.

अर्धं केळं, दोन घोट चहा, बास. निघायच्या आधी दोन्ही ब्रेक, दोन्ही टायर पुन्हा एकदा हाताने दाबून बघायचे. अर्ध्या मिनिटाचं काम.

रस्त्यावर

पहिली वीस मिनिटं हलक्या गिअरवर, पाय नुसते फिरवत. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धापा लागत असतील तर वेग जास्त आहे. पाय किती फिरावेत? घड्याळ लावून उजवा गुडघा अर्ध्या मिनिटात किती वेळा वर येतो ते मोजा. पस्तीस ते चाळीस आला तर छान. वीस-पंचवीसच येत असेल तर गिअर जड आहे, ताकद फुकट जाते आणि गुडघे भरून येतात. चढ दिसला की चढाच्या आधी गिअर बदला. चढाच्या मधे, पायात सगळा जोर असताना बदललात तर कडकड आवाज येऊन चेन पडते.

चेन पडलीच तर कडेला थांबा, मागच्या गिअरचा लोंबता हात पुढे ढकला, चेन सैल होते. ती दातेऱ्यावर खालून बसवा आणि पायडल हाताने फिरवा. हात काळे होतात, एवढंच.

रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून जाऊ नका. कडेला वाळू, फुटलेल्या काचा आणि पावसाने वाहून आणलेली खडी साचलेली असते. कडेपासून हातभर आत, सरळ रेषेत. उभ्या रिक्षा-मोटारींपासून दार उघडेल एवढं अंतर. गटारांच्या जाळ्यांच्या पट्ट्या रस्त्याला समांतर असतील तर अरुंद चाक आत जातं, त्या आडव्या किंवा तिरक्या ओलांडा. उड्डाणपूल लागले तर खालच्या रस्त्याने. थांब्यावर उभ्या पीएमपीच्या बसला डावीकडून कधीही ओलांडू नका, उतरणारा प्रवासी थेट तुमच्या अंगावर येतो.

ब्रेक दोन्ही एकदम, हळूहळू. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. तो एकटाच जोरात दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नाही, आणि ऑक्टोबरात तर नाहीच. कारण पाऊस गेला तरी खडी आणि वाळलेला चिखल वळणावरच पसरलेला असतो.

कुत्री. पहाटेचा रस्ता त्यांचा असतो. पळालात तर पाठलाग होतो. मी उतरतो, सायकल मधे घेतो, मोठ्या आवाजात "चल घरी" म्हणतो आणि चालत पुढे जातो. पन्नास पावलांवर त्यांची हद्द संपते.

किरकटवाडी फाटा मागे पडला की हवा बदलते. अंगावरचा घाम गार होतो. उजव्या-डाव्या बाजूच्या इमारती विरळ होतात, जलसंशोधन केंद्राची झाडी लागते. ही संस्था १९१६ पासूनची. थोड्याच वेळात धरणाची भिंत दिसते. जलाशयावर धुकं असेल तर दिवे चालूच ठेवा. समोरून येणाऱ्या दुधाच्या गाड्यांना तुम्ही दिसत नाही.

धरणावर

दहा मिनिटं थांबा, वीस नाही. जास्त बसलं की पाय लाकडासारखे होतात. पाणी प्या, चिक्की किंवा उरलेलं अर्धं केळं खा. पोहे चालतील. कांदाभजीचा वास येईल, तो येऊ द्या. पाण्यात उतरू नका, काठ दिसतो तसा नाही.

इथे उभं राहून मी दरवेळी तोच विचार करतो, की १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर तो लोंढा इथे आला, ही भिंतही फुटली आणि पाणी शहरात शिरलं. आज आपण सायकलवर तासाभरात जे अंतर घाम गाळत आलो, ते त्या दिवशी नदीने कापलं होतं.

मग मोह. पुढे डोणजे फाटा जवळच आहे, डोंगरउतारावर सोनकी पिवळी झालेली असते, सोबतचा कुणीतरी म्हणतो, गडापर्यंत तर जाऊन येऊ. हिशोब ऐका: जलाशय भरलेला असताना पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ५८२ मीटर आणि सिंहगड १३१२. म्हणजे सातशे मीटरहून जास्त चढ, तोही बहुतेक सगळा शेवटच्या घाटात. आणि उतरताना सतत दाबलेला ब्रेक तापतो, हाताची बोटं बधिर होतात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यांच्या आधी चढणाऱ्याला घाटाचा राजा म्हणतात. आपण अजून प्रजेत आहोत. घड्याळ बघा आणि वळा.

परतताना, आणि पंक्चर

उतार असल्याने वेग आपोआप वाढतो आणि लक्ष आपोआप कमी होतं. मी आजवर दोनदा पडलो, दोन्ही वेळा घरापासून दोन किलोमीटरच्या आत. दर पंधरा-वीस मिनिटांनी घोटभर पाणी, तहान लागायची वाट न बघता.

वाटेतली पंक्चरची दुकानं इतक्या सकाळी उघडलेली नसतात, म्हणून हे काम घरी एकदा करून बघाच. मागचं चाक असेल तर आधी चेन सगळ्यात लहान चक्रीवर आणा, मग चाक काढा. उरलेली हवा सोडा. चमचा टायरच्या कडेखाली घाला, वीतभर अंतरावर दुसरा घाला आणि कड बाहेर काढत न्या. ट्यूब काढली की नवीन घालायची घाई करू नका. आधी टायरच्या आतून फडकं फिरवा, सावकाश, पूर्ण गोल. फडकं जिथे अडकेल तिथे बाभळीचा काटा असतो. बाहेरून त्याचा काळा ठिपकाच दिसतो, आत मात्र अर्धा सेंटिमीटर टोक असतं. तो नखाने नाही निघत, ॲलन कीच्या टोकाने आतून बाहेर ढकला. हे न करता ट्यूब घातली तर पाचशे मीटरवर पुन्हा तेच. नवीन ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा भरून ती बसवा, टायरची कड शेवटी अंगठ्यांनी आत ढकला आणि ट्यूब कुठे चिमटली नाही ना ते दोन्ही बाजूंनी बघून मगच पूर्ण हवा भरा.

घरी

लिंबूसरबत, चिमूटभर मीठ घालून. मग आंघोळीच्या आधी चेनवरून एकदा फडकं.

दुसऱ्या दिवशी बसायला त्रास होईल. तो दोन-तीन फेऱ्यांत जातो, मऊ सीट घ्यायला धावू नका. गुडघ्याच्या पुढे दुखलं तर सीट थोडी वर, मागे दुखलं तर थोडी खाली. तळहात बधिर झाले तर हँडल फार खाली आहे किंवा तुम्ही कोपर ताठ ठेवता. दुखणं चार दिवसांत गेलं नाही तर डॉक्टरांना दाखवा, सायकलवाल्या मित्राला नाही.

पुढची फेरी दोन दिवस सोडून, तीच, सव्वासातच्याच नियमाने. तिसऱ्या आठवड्यात निघायची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आणा आणि डोणजे फाट्याला हात लावून या. दिव्यांचं चार्जिंग तेवढं आदल्या रात्री बघा, नोव्हेंबरात सूर्य आणखी उशिरा उगवतो.